ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन अमेरिकेतून कॅनडात कॅम्पिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानाने जाणारा माणूस दोन बॅगा घेऊन सीमा ओलांडतो. ट्रेलरवाला अख्खं घर घेऊन ओलांडतो: फ्रिज, औषधांचा डबा, मुलांची खेळणी, मागच्या सहलीत सीटखाली राहिलेलं लाकूड, सगळं. हिच (गाडीला ट्रेलर जोडणारी कडी) आणि ब्रेकची काळजी बहुतेक जण घेतात. अडकतात ते फ्रिज आणि कागदांपाशी. म्हणून ही उत्तरं त्या बाजूला जरा जास्त झुकलेली आहेत.

तयारी किती आधी सुरू करायची?

भारतीय पासपोर्टवर असाल तर सुरुवात कॅनडाच्या व्हिसापासून, तीही चार-सहा महिने आधी. अमेरिकन नागरिक असाल तर सुरुवात कॅम्पसाइटच्या बुकिंगपासून. बाकी सगळं शेवटच्या महिन्यात उरकता येतं.

आमच्या घरात प्रत्येकाचं स्टेटस वेगळं आहे. कोणाला काय लागेल?

मराठी घरांतून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. एकाच गाडीत नागरिक मुलं, ग्रीन कार्डवाली आई, एच-१बीवाले (नोकरीच्या व्हिसावरचे) बाबा आणि बी-२वर (भेटीच्या व्हिसावर) आलेले आजी-आजोबा असं मिश्रण अगदी नेहमीचं आहे.

अमेरिकन नागरिकांसाठी पासपोर्ट पुस्तिका किंवा पासपोर्ट कार्ड. जमिनीवरून परत येतानाचा हा नियम १ जून २००९ पासून लागू आहे. १६ वर्षांखालच्या नागरिक मुलांना जमिनीवरच्या नाक्यावर जन्मदाखला चालतो, पण पासपोर्ट असेल तर तोच घ्या.

ग्रीन कार्डधारकांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. मात्र एप्रिल २०२२ च्या अखेरीपासून ग्रीन कार्डाबरोबर आपल्या देशाचा चालू पासपोर्टही दाखवावा लागतो. भारतीय पासपोर्टची मुदत संपलेली असूनही ‘ग्रीन कार्ड आहे ना’ म्हणून निघणारे अजून भेटतात.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ अशा अमेरिकेच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून सूट मिळत नाही. अर्ज ऑनलाइन होतो, पण बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला केंद्रावर जावं लागतं आणि नंतर स्टँपसाठी पासपोर्ट पाठवावा लागतो. आजी-आजोबा जूनमध्ये येणार आणि जुलैत कॅनडातल्या बॅन्फ उद्यानाला जायचं, असा बेत असेल तर त्यांनी हा व्हिसा भारतातूनच काढून यावं. इथे आल्यावर धावपळ करण्यात त्यांचाही जीव जातो आणि तुमचाही.

आणखी एक गोष्ट, जी लोक लाजेने विचारत नाहीत: दारू पिऊन गाडी चालवल्याचा जुना गुन्हा नोंदलेला असेल, तर कॅनडा प्रवेश नाकारू शकतो. डिसेंबर २०१८ पासून तिथे हा गुन्हा गंभीर प्रकारात मोडतो. असं काही असेल तर आधी वकिलाशी बोला. नाक्यावर जाऊन नशीब अजमावू नका, कारण मागे वळवायची असते ती नुसती गाडी नाही, तीस फुटी ट्रेलरही.

एच-१बी चालू आहे, पण पासपोर्टातला व्हिसा स्टँप संपलाय. परत येता येईल का?

बहुतेकांना येतं. संपलेला स्टँप परतीपुरता चालू धरण्याच्या या सवलतीला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. अटी अशा: मुक्काम फक्त कॅनडात (किंवा मेक्सिकोत) आणि ३० दिवसांपेक्षा जास्त नाही, आय-९४ ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याच्या सरकारी नोंदीची) मुदत शिल्लक, स्टेटस व्यवस्थित, आणि त्या फेरीत तुम्ही नव्या अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलेला नाही. शेवटची अट नीट वाचा. ‘जातोच आहोत तर व्हँकुव्हरला स्टँपिंगही उरकून घेऊ’ असं ठरवलं की ही सवलत गेली. मग अर्ज अडकला तर तुम्ही कॅनडात, ट्रेलर कॅनडात आणि नोकरी अमेरिकेत.

आय-९४ ची ताजी प्रत सरकारी संकेतस्थळावरून छापून ठेवा, एच-१बीची मंजुरीची नोटीस मूळ स्वरूपात घ्या, आणि पासपोर्टाला कागदी आय-९४ जोडलेला असेल तर जाताना तो देऊन टाकू नका. आजी-आजोबांसाठी एक सूचना: कॅनडात राहिलेले आठ दिवस अमेरिकेतल्या मुदतीत वाढवून मिळतील असं धरून चालू नका. आय-९४ वरची जुनी तारीख हीच खरी माना.

ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल, तर बाहेर पडण्याआधी वकिलाला विचारल्याशिवाय हिच जोडूच नका.

मी एकटीच मुलांना घेऊन जातेय. काही वेगळं लागतं?

मुलांच्या वडिलांचं सहीचं संमतिपत्र, शक्यतो नोटरी केलेलं. त्यात फोन नंबर, प्रवासाच्या तारखा आणि मुलांची नावं हवीत. दरवेळी विचारतील असं नाही, पण विचारलं तर अधिकारी मुलांनाही प्रश्न करतात. भाचा-पुतण्या बरोबर असेल तर त्याच्या दोन्ही पालकांचं पत्र घ्या.

ट्रेलरचे कागद आणि विमा?

गाडीचं आणि ट्रेलरचं रजिस्ट्रेशन वेगवेगळं असतं, दोन्ही मूळ प्रती बरोबर ठेवा. ट्रेलर भाड्याचा किंवा मित्राचा असेल तर मालकाचं लेखी परवानगीपत्र घ्या आणि करारात कॅनडाला न्यायची मुभा आहे का ते वाचा. बऱ्याच करारांत ती नसते.

अमेरिकन वाहन विमा सहसा कॅनडात चालतो, तरी कंपनीला फोन करून ‘नॉन-रेसिडेंट इंटर-प्रॉव्हिन्स’ कार्ड मागवा. लोक त्याला यलो कार्ड म्हणतात. फुकट मिळतं. त्याच फोनवर दोन प्रश्न आणखी विचारा: ट्रेलरचं स्वतःचं नुकसान कॅनडात भरून मिळतं का, आणि रस्त्यात बंद पडल्यावर ओढून नेण्याची सेवा ट्रेलरलाही लागू आहे का. अनेक पॉलिसी गाडी उचलून नेतात आणि ट्रेलर तिथेच ठेवतात.

फ्रिजमध्ये काय भरून न्यायचं?

शक्य तितकं कमी. मी सीमा ओलांडताना फ्रिज जवळजवळ रिकामा ठेवते आणि पलीकडच्या पहिल्या मोठ्या गावात दुकानापाशी थांबते. चार दिवसांच्या भाज्या आधीच चिरून नेण्याचा मोह होतो खरा. पण फळं, भाज्या, मांस, अंडी, दूध यांचे नियम प्रांतानुसार आणि हंगामानुसार बदलतात. पक्ष्यांच्या किंवा झाडांच्या एखाद्या रोगाची साथ आली की एका रात्रीतही बदलतात. ब्रिटिश कोलंबियात काही ताज्या फळांवर इतर प्रांतांपेक्षा कडक निर्बंध आहेत.

डाळी, पोहे, रवा, कणीक, मसाले मूळ सीलबंद पाकिटांत ठेवा. घरच्या बरणीतला पांढरा किंवा तांबडा भुगा म्हणजे काय, हे अधिकाऱ्याला समजावण्यात वेळ जातो. मेतकूट इंग्रजीत सांगून पाहा एकदा.

मुख्य नियम एकच: जे आहे ते सांगा. ‘खायचं काही आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर ट्रेलरवाल्याच्या तोंडी कधीच खरं नसतं. सांगितलेली चुकीची वस्तू काढून घेतली जाते, एवढंच. न सांगितलेली सापडली तर दंड होतो आणि नोंद राहते. मग पुढच्या प्रत्येक फेरीत बाजूला थांबायचं.

आणि परत येताना?

इथे लोक जास्त फसतात. ‘अमेरिकेतूनच नेलेलं परत आणतोय’ हा युक्तिवाद चालत नाही. कॅनडात संत्री-लिंबं पिकत नाहीत, त्यामुळे तिथून येणारं लिंबूवर्गीय फळ दुसऱ्या कुठल्या तरी देशातलं धरलं जातं आणि काढून घेतलं जातं. सरबतासाठी ठेवलेली दोन लिंबंसुद्धा.

आपल्या लोकांसाठी खास: टोरांटो किंवा सरे भागातल्या भारतीय दुकानातला ताजा कढीपत्ता परत आणू नका. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे आणि लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवणारी कीड त्याच्या पानांवर वाढते. म्हणून ताजी पानं अमेरिकेत आणायला बंदी आहे. शेवटच्या मुक्कामी सगळी फोडणीत घाला.

४८ तास किंवा जास्त बाहेर राहिलेल्या अमेरिकन रहिवाशाला माणशी ८०० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर सूट असते, त्याहून कमी वेळासाठी २०० डॉलर.

कॅम्पफायरचं लाकूड घरून नेऊ का?

नको. ‘अ‍ॅश’ जातीच्या झाडांना पोखरणारा एमराल्ड अ‍ॅश बोअरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइट आणि विंडसरच्या परिसरात, म्हणजे नेमका याच सीमेवर, सापडला. त्यानंतर त्याने कोट्यवधी झाडं मारली, आणि तो दूरवर पसरला तो बराचसा सरपणातून. जिथे जाळायचं तिथेच लाकूड विकत घ्या. निघण्याआधी बाहेरच्या कप्प्यांत जुनी ढलपी राहिलेली नाही ना, तेही पाहा.

दारू, गांजा, बंदूक, स्प्रे?

दारू: कॅनडात जाताना माणशी दीड लिटर वाइन किंवा १.१४ लिटर कडक मद्य किंवा ८.५ लिटर बिअर करमुक्त. तिन्ही मिळून नव्हे, तिन्हींपैकी एक. वयाची अट अल्बर्टा, मॅनिटोबा आणि क्वेबेकमध्ये १८, इतरत्र १९.

गांजा: १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात कायदेशीर, तुमच्या राज्यातही कदाचित कायदेशीर. सीमेवरून नेणं मात्र दोन्ही दिशांना गुन्हा. गमीज (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या), तेल, सगळं यात आलं. ट्रेलर विकत घेतलेला जुना असेल तर आधीच्या मालकाचे कप्पे नीट तपासा, मी गंमत करत नाहीये.

बंदूक: पिस्तूल घरी ठेवा, कॅनडा ते आत घेऊ देत नाही. शिकारीच्या लांब बंदुकीसाठी घोषणापत्र आणि शुल्क असतं, पण कॅम्पिंगलाच जात असाल तर तीही घरीच बरी.

स्प्रे: माणसांवर मारायचा पेपर स्प्रे कॅनडात निषिद्ध शस्त्र आहे. अस्वलांसाठीचा स्प्रे चालतो, पण त्यावर प्राण्यांसाठी असल्याचं स्पष्ट छापलेलं हवं. सोपा मार्ग म्हणजे तो पलीकडे जाऊन घेणे.

कुत्रा बरोबर आहे.

जाताना रेबीज लसीचं प्रमाणपत्र. परत येताना १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांनुसार कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, त्याला मायक्रोचिप हवी आणि सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या) ऑनलाइन फॉर्मची पावती हवी. म्हणजे चार महिन्यांचं गोंडस पिल्लू कॅनडात सहज जाईल, परत येणार नाही.

नाक्यावर नेमकं काय होतं?

रांगेत लागताना वरच्या पाट्या बघा. मोठ्या वाहनांसाठी किंवा आरव्हीसाठी (राहण्याच्या सोयीच्या गाड्या-ट्रेलरांसाठी) वेगळी लेन असेल तर तीच धरा. नेक्सस (आधीच तपासणी झालेल्या प्रवाशांचं कार्ड) लेनमध्ये जायचं तर गाडीतल्या प्रत्येकाकडे नेक्सस हवं, एकाकडेही नसेल तर नाही. काळे चष्मे उतरवा, रेडिओ बंद करा, मागच्या खिडक्या खाली घ्या, पासपोर्ट एकाच्याच हातात ठेवा. कुठे चाललात, किती दिवस, काय नेताय, या प्रश्नांची उत्तरं एकच माणूस देईल. मागच्या सीटवरून काकांनी भर घालू नये.

पहिल्या मुक्कामाच्या बुकिंगचा कागद छापून ठेवा. ‘कुठे राहणार?’ ला ‘बघू, जागा मिळेल तिथे’ हे उत्तर प्रामाणिक असलं तरी कान टवकारायला लावतं.

ट्रेलर उघडून दाखवायला सांगतील ही तयारी ठेवा. आमच्या पहिल्या फेरीत अधिकाऱ्यांनी तेच सांगितलं आणि ट्रेलरची चावी होती मुलाच्या दप्तरात, दप्तर होतं ट्रेलरच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि त्या कप्प्यालाही तीच चावी. जादा चावी पर्समध्ये सापडेपर्यंत गेलेली दहा मिनिटं फार लांब होती. तेव्हापासून चावी गाडीच्या किल्लीलाच अडकवलेली असते. आत गेल्यावर कपाटं सहज उघडतील अशी सामानाची मांडणी ठेवा, आणि ते तपासत असताना तुम्ही सांगतील तिथे उभे राहा.

प्रवासात ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही. आजोबांना झोप आली तरी नाही.

कुठल्या नाक्यावरून जावं?

पहिल्या सहलीसाठी मी अमेरिकेतलं ग्लेशियर, कॅनडातली वॉटर्टन आणि बॅन्फ या राष्ट्रीय उद्यानांची साखळी सुचवेन. ग्लेशियर आणि वॉटर्टन ही दोन उद्यानं १९३२ मध्ये एकत्र ‘आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान’ म्हणून जाहीर झाली, मधून सीमा जाते एवढंच. त्यांच्यामधला चीफ माउंटनचा नाका सुंदर आणि लहान, पण तो फक्त उन्हाळी हंगामात उघडतो आणि रात्री बंद असतो. वेळ चुकली तर पूर्वेकडच्या आय-१५ वरचा स्वीटग्रास-कूट्स हा मोठा नाका चोवीस तास चालू असतो. तारखा आणि वेळा निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर पाहाच.

ग्लेशियरमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनाला बंदी आहे. ट्रेलर जोडलेली गाडी म्हणजे नाहीच. ट्रेलर कॅम्पमध्ये ठेवून नुसत्या गाडीने जा, पण पिकअपचे टोइंगचे लांब आरसे आत घ्यायला विसरू नका, रुंदीत तेही मोजतात. जीपीएस मात्र ट्रेलरसकट त्याच रस्त्याने पाठवायला एका पायावर तयार असतो.

वॉटर्टनचा वारा प्रसिद्ध आहे. ऑनिंग (ट्रेलरच्या बाजूची कापडी छपरी) उघडी ठेवून फिरायला गेलात तर परत आल्यावर ती शेजाऱ्याकडे असेल.

पूर्वेकडून ओंटारिओत जाणाऱ्यांनी ४०७ या टोल रस्त्याकडे लक्ष द्यावं. तिथे टोलनाका नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल घरी येतं. अमेरिकेतला टोलचा ईझी-पास चालत नाही.

कॅम्पसाइट कशी निवडायची?

पार्क्स कॅनडाचं (राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी संस्थेचं) उन्हाळ्याचं बुकिंग हिवाळ्यात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, उद्यानागणिक वेगळ्या दिवशी उघडतं. ओंटारिओच्या प्रांतिक उद्यानांत पाच महिने आधी. बॅन्फमध्ये पाणी, वीज, सांडपाणी असे पूर्ण हूकअप हवे असतील तर टनेल माउंटन ट्रेलर कोर्ट.

जागेची लांबी बघताना ट्रेलरची नव्हे, गाडीसकट एकूण लांबी धरा, आणि ती मीटरमध्ये काढून ठेवा. २६ फुटी ट्रेलर आणि १९ फुटी पिकअप म्हणजे जवळजवळ १३.७ मीटर. ‘पुल-थ्रू’ (एका बाजूने शिरून सरळ दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येणारी) जागा मिळाली तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्या. अंधारात, पावसात, अख्ख्या कॅम्पसमोर ट्रेलर मागे घेताना नवरा-बायकोत जे संवाद होतात ते टळतात.

लेक लुईसला दोन वेगळी कॅम्पग्राउंड्स आहेत. एक विजेच्या कुंपणातलं, तंबूंना चालणारं, आणि दुसरं फक्त कडक भिंतींच्या वाहनांसाठी. कापडी बाजूंचा पॉप-अप ट्रेलर दुसऱ्यात चालत नाही. कारण अस्वलं. शेजारच्या मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाड्या सोडत नाहीत, शटल बसचं बुकिंग वेगळं करावं लागतं.

अस्वलांसाठी काय पाळायचं?

तिथे ‘बेअर कॅम्पसाइट’ असा शब्द आहे, पण हा ‘बेअर’ म्हणजे अस्वल नव्हे, अर्थ मोकळी, रिकामी जागा. तुम्ही जागेवर नसताना किंवा झोपल्यावर बाहेर काहीही ठेवायचं नाही: कूलर, भांडी, स्टोव्ह, कुत्र्याचं खाणं, खरकटं पाणी, टूथपेस्टसुद्धा. सगळं ट्रेलरमध्ये किंवा गाडीत. आपली फोडणी दूरवर वास देते. तेलकट कढई ‘सकाळी घासू’ म्हणून बाहेर ठेवली तर रेंजर उचलून नेतो आणि सोबत दंडाची चिठ्ठी ठेवू शकतो.

प्रोपेनचं काय?

सिलिंडर घेऊन जाता येतं. गळ्यावर कोरलेली तारीख बघा. कॅनडात दहा वर्षांहून जुनं सिलिंडर पुनर्तपासणीशिवाय भरत नाहीत, अमेरिकेत नव्याला बारा वर्षं चालतं. म्हणजे घरी व्यवस्थित भरून मिळणारं अकरा वर्षांचं सिलिंडर तिथे रिकामंच राहील. फेरी बोटीवर चढताना झडप बंद करावी लागते, आणि बोगद्यांच्या पाट्या वाचा, काही ठिकाणी प्रोपेनला मनाई असते.

किलोमीटरचा घोळ होतो का?

वेगाचा फारसा नाही, स्पीडोमीटरवर आतला आकडा असतो. १०० म्हणजे ६२ मैल. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादा ६५ मैल असते, तेव्हा ११० च्या रस्त्यावर उजवी लेन धरा. खरा घोळ उंचीचा. पुलाखाली ‘३.४’ लिहिलेलं दिसतं तेव्हा हिशोब करायला वेळ नसतो. एसीसकट उंची मोजा, मीटरमध्ये काढा (११ फूट ४ इंच म्हणजे ३.४५ मीटर) आणि चिठ्ठी सन-व्हायझरला चिकटवा.

ब्रेक: ओंटारिओत १,३६० किलोपासून आणि ब्रिटिश कोलंबियात १,४०० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर यात येतात आणि त्यांना ते असतातच. चालतात का, ते निघण्याआधी तपासा.

आइसफील्ड्स पार्कवेवर लेक लुईस ते जॅस्पर सुमारे २३० किलोमीटर आहेत आणि मध्ये पेट्रोल एकाच ठिकाणी, सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंगला, तेही हंगामात. ट्रेलर ओढताना गाडी किती पिते हे लक्षात घेऊन लेक लुईसलाच टाकी भरा.

कयाक छतावर बांधलाय.

अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियात रस्त्यावर बोटतपासणीची ठाणी असतात. उघडी असतील तर थांबणं सक्तीचं, फुगवायचा पॅडलबोर्ड असला तरी. शिंपल्यांसारखे परके जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून हे आहे. निचरा करा, धुवा, वाळवा.

वणव्यांची भीती वाटते.

वाटायला हवी. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून जास्त जंगल जळलं आणि जुलै २०२४ च्या आगीत जॅस्पर गावाचा मोठा भाग गेला. उन्हाळ्यात शेकोटीबंदी केव्हाही लागते, मग कोळशावरची भाकरी विसरा आणि गॅसवर करा. परत मिळणारी रक्कम किती ते बुकिंग करतानाच वाचा, मुक्कामाला पोहोचल्यावर गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा आणि पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

आम्ही कॅनडात राहतो, उलट दिशेने यायचंय.

खाणं, लाकूड, कुत्रा हे सगळं लागू. कॅनडाच्या नागरिकाला व्हिसा लागत नाही, पण कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला अमेरिकेचा व्हिसा लागतो. प्रवासाच्या काळात अमेरिकेतलं वैद्यकीय बिल कोण भरणार, हे ठरवल्याशिवाय, म्हणजे प्रवास विमा घेतल्याशिवाय, एक रात्रही राहू नका.

टाक्या भरून सीमा ओलांडू की रिकाम्या?

रिकाम्या. ४० गॅलन पाणी म्हणजे दीडशे किलो, उगाच ओढायचं. ब्लॅक (संडासाची) आणि ग्रे (सांडपाण्याची) टाकी शेवटच्या कॅम्पग्राउंडच्या डंप स्टेशनवर रिकामी करा, कारण नाक्यावरच्या दोन तासांच्या रांगेत, भर उन्हात, भरलेली टाकी आपलं अस्तित्व जाणवून देते. ब्लॅक टाकीत बादलीभर पाणी आणि औषध तेवढं राहू द्या.